एकाच अभ्यासकाला परस्परांशी संबंध नसलेल्या विषयांत मोलाचे संशोधन करता येते का?

होय, आणि दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे काम हा त्याचा मला सर्वांत ठोस वाटणारा पुरावा आहे. गोव्यात जन्मलेले कोसंबी मूळचे गणिती. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांनी १९४४ मध्ये मांडलेले सूत्र पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना आजही वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी अनेक हस्तलिखिते ताडून १९४८ मध्ये सिद्ध केली, आणि तेही तितकेच कसाचे काम आहे.

मला मात्र अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांचे नाण्यांवरील संशोधन. हाताळणीमुळे नाणे झिजते, त्यामुळे अधिक काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांतील तफावत वाढते, हे ध्यानात घेऊन त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यांतील चांदीच्या आहत नाण्यांची वजने संख्याशास्त्राच्या कसोटीवर तपासली आणि त्यांवरून नाण्यांचा कालानुक्रम लावण्याचा प्रयत्न केला. या नाण्यांवर राजाचे नाव किंवा वर्ष नसते, केवळ ठोकून उमटवलेली चिन्हे असतात. म्हणूनच येथे गणिताची मदत इतिहासाला खरोखर आवश्यक होती.