अंगणवाडीत नुसते खेळच का?

प्रश्न : आमची मुलगी सव्वाचार वर्षांची असून गावच्या अंगणवाडीत जाते. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जातो, पन्नासपर्यंत अंक म्हणतो आणि लिहितोही. ही मात्र गाणी आणि चिंचोके यांतच रमते. तिलाही ऑटोने तिकडे पाठवावे का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : या वर्षी तरी पाठवू नये, असे माझे मत आहे. पन्नासपर्यंत न अडखळता म्हणणाऱ्या मुलाला चिंचोक्यांच्या ढिगातून सात मागितले, तर ते कित्येकदा सातावर थांबतच नाही, कारण मोजताना शेवटी उच्चारलेला अंक साऱ्या वस्तूंची संख्या सांगतो, हे त्याला अजून उमगलेले नसते. ती समज एकेका चिंचोक्याला एकेक अंक जोडत, वाटे करत आणि कोणाच्या वाट्याला जास्त आले यावरून भांडत येते. आपली मुलगी खेळते आहे ते गणितच आहे.

लिहिण्याची घाई तर मुळीच नको. या वयात मनगटातली काही हाडे अजून कूर्चेच्या अवस्थेत असतात आणि बोटांची पकडही कच्ची असते, म्हणून माती मळणे, मणी ओवणे, तुरीच्या शेंगा सोलणे यांनी हात आधी तयार होऊ द्यावा. (सरकी मात्र खेळायला देऊ नये, पेरणीच्या बियाण्याला कीटकनाशक चोळलेले असते आणि ते पाकीट आपल्याकडे घरातच पडलेले असते.) २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ व कृतींवरच भर दिला आहे. शिवाय जी मुलगी घरच्या वऱ्हाडीत आजीला दिवसभराची हकिगत सांगते, तिला अनोळखी भाषेच्या वर्गात बसवले, तर ती बोलणेच कमी करण्याचा संभव असतो.

तथापि आपली शंका सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूर्वशालेय शिक्षण ही आहार आणि लसीकरणाइतकीच ठरलेली सेवा आहे, पण काही ठिकाणी खिचडी वाटली की अंगणवाडी सुटते, हेही खरे. म्हणून एखाद्या सकाळी तासभर तिथे बसून पाहावे. गोष्ट, गाणे आणि साहित्याचे खेळ होत नसतील, तर आधी सेविकाताईंशी बोलावे; नोंदी आणि गृहभेटींच्या कामात त्यांना वेळ उरत नसेल, तर पालकांनी आळीपाळीने गोष्ट सांगायला जावे, आणि त्यानेही भागले नाही, तर पर्यवेक्षिकेकडे लेखी मागणी करावी.