डाळ सोडू नकोस, मांदेली सोड

रिपोर्टात युरिक ॲसिड ८.२ आलं म्हणून तू डाळ-पालक बंद केलंस, हे ऐकून हसूच आलं. मीही तेच केलं होतं. महिनाभर वरणाला शिवलो नाही, आणि रविवारी बिअरबरोबर तळलेली मांदेली मात्र चालूच! मग एका रात्री पायाचा अंगठा असा ठणकला की चादरीचा स्पर्शही सोसवेना.

प्युरिन म्हणजे अन्नातला तो घटक, ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं; आणि ते सांध्यांत साठून होणारं दुखणं म्हणजे गाउट. पण डाळी-पालेभाज्यांतल्या प्युरिनने गाउट फारसा वाढत नाही. खरे चोर म्हणजे कलेजी, भेजा, मांदेली, तारली आणि बिअर. कोल्ड्रिंकही त्यातलंच; त्यातल्या फ्रुक्टोज या साखरेमुळे शरीरात युरिक ॲसिड वाढतं. मासे अजिबात सोड असं मी म्हणणार नाही, मलाच ते जमलं नाही. आठवड्याला पापलेटची एखादी तुकडी खातो.

लोकलमध्ये पंचाईत नको म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची खोड मात्र मोड. ताक पी. वजन उतरव, पण हळूहळू. कडक उपासाने दुखणं उसळतं.

नुसत्या पथ्याने आकडा साधारण एकाने उतरतो. तुला ६ च्या खाली यायचंय, तेव्हा गोळी लागू शकते. डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल दिलीच, तर पाय बरा वाटला म्हणून आपल्या मनाने बंद करू नकोस.