जुन्या लुगड्याचं दुपटं

प्रिय चिऊ,

दीदीच्या बेबी शॉवरला काय न्यायचं यावर परवा बोलणं निघालं तेव्हा मी म्हणालो, आजीच्या दोन सुती साड्या आहेत, त्यांचं दुपटं शिवू. त्यावर तू म्हणालीस, "बाबा, दुसऱ्यांना वापरलेले कपडे कशाला द्यायचे? आपल्याला नवीन परवडत नाही का?" लागलं जरा. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून लिहून उत्तर देतोय. बोलायला लागलो की मी भाषण देतो असं तुम्हा दोघींचं म्हणणं आहे. कागदावर निदान नको ते सोडून पुढे जाता येतं.

आधी परवडण्याचं. सेलूच्या घरात जुनं कापड पुन्हा पुन्हा वापरलं जायचं ते परवडत नव्हतं म्हणूनच. त्याला उगाच मुलामा द्यायची माझी इच्छा नाही. तुझी पणजी, म्हणजे आमची बाई, 1972च्या दुष्काळात संसार ओढलेली. तिच्या हातून चिंधी टाकली जात नसे. लुगडं आधी सणाला, मग रोजला, मग शेतात. विरलं की वाकळीच्या पोटात. काठ निघाले की त्यांच्या नाड्या, उरलं त्याची डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ, आणि अगदीच चोथा झाला की पोतेरं. भांडेवाली दारात यायची, पण तिला टेरिकॉटच्या पँटी आणि चमकणाऱ्या साड्या हव्या असत. विरलेलं सुती लुगडं ती बोटांनी चाचपून परत द्यायची. म्हणून सुती ते घरातच राहिलं. आम्ही पोरं हिवाळ्यात घरात आणि उन्हाळ्यात माळवदावर त्याच वाकळींवर झोपायचो. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघायचं, तेव्हा ओली वाकळ पिळायला दोन माणसं लागत.

बाळाचं मात्र निराळं होतं. ज्यांना सहज परवडायचं त्या घरांतही पहिले दिवस बाळाच्या अंगाला जुनंच कापड लागायचं. नवं झबलं, टोपडं, कुंची बारशाला यायचीच. त्याआधी मऊ धोतर किंवा लुगडं फाडून बाळुती आणि दुपटी. "नवं टोचायलंय लेकराला," एवढंच जिंतूरच्या आत्याचं स्पष्टीकरण. कुणी दृष्टीचंही सांगायचं. त्यात मी पडत नाही. टोचण्याचं मात्र खरं आहे. नव्या सुती कापडात खळ असते, घडी पडू नये म्हणून कधी रसायनाचा हातही दिलेला असतो. पन्नास-शंभर धुण्यांत ते सगळं निघून जातं, सुटे तंतू झडतात, सूत लवचीक होतं आणि पाणी पटकन शोषतं. ते मऊपण दुकानातून आणता येत नाही, हे माझं ठाम मत.

माझी खरी शंका वेगळीच आहे. सेलूत बाळाला दुपट्यात गुंडाळून झोळीत टाकायचे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचं म्हणणं असं की पहिलं वर्षभर बाळ पाठीवर, घट्ट सपाट गादीवर झोपवावं, आणि त्याच्याजवळ सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणी काही ठेवू नये, कारण श्वास कोंडण्याचा धोका असतो. मला ते पटतं. म्हणजे आपलं दुपटं क्रिबमध्ये जाणार नाही. बाळ जागं असताना जमिनीवर पालथं घालायला, मांडीवर घ्यायला, आपण शेजारी असताना पायांवर टाकायला. दीदीला हे सांगावं लागणार नाही, आजीला फोनवर सांगावं लागेल. ते तू सांग; माझं ती ऐकत नाही.

आता शिवायचं ठरलंच तर कसं, ते नीट लिहितो. नाही ठरलं तरी माझा राग नाही, दुकानातून आणू.

साडी साडेपाच मीटर लांब आणि साधारण एक मीटर दहा रुंद असते. दुपटं 90 सेंटिमीटरचं चौरस धरू. त्याला चार थर पुरतात: तीन तुकडे 90 × 90चे आणि सर्वांत खालचा 98 × 98चा. म्हणजे पावणेचार मीटर कापड. उरलेल्या पावणेदोन मीटरमध्ये विरलेला भाग टाकून देता येतो, आणि तो निघतोच. साडी खिडकीसमोर धरून बघ. खालचा काठ टाचांशी घासून झिजतो, बसताना ताण येतो तो भाग विरतो. जिथून उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसतो तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलकं ओढ. चर्र आवाज आला की तो तुकडा बाद. आत कुठे दिसणार आहे म्हणून तो मधल्या थरात लपवू नको. पहिल्या धुण्यातच तो आत फाटतो, गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतो, आणि मग उसवल्याशिवाय इलाज नाही.

साडी खरंच सुती आहे का तेही पाहायचं. काठाजवळचे दोन-तीन धागे काढून सिंकवर चिमट्यात धरून जाळू (हे मी घरी असताना). सूत कागदासारखं जळतं, राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. फॉल उसवून काढ, सुती साडीलाही तो पुष्कळदा पॉलिएस्टरचा लावलेला असतो. जरीचा काठ असेल तर तो पूर्ण कापून टाक, बाळाच्या गालाला ओरखडे येतात.

मग दोन्ही साड्या गरम पाण्यात धुवायच्या, वेगवेगळ्या. ओल्या साडीवर पांढरं फडकं दाबून बघ. रंग उतरला तर पुन्हा धू. गडद लाल आणि निळा फार दगा देतात. फडकं पांढरं राहीपर्यंत ते कापड दुपट्यात घ्यायचं नाही. मऊ फ्लॅनेल आत घालावं असं तुझ्या मनात येईल. जुनी साडी आटायची तेवढी आटून झालेली असते, नवं फ्लॅनेल आटायचं बाकी असतं. दोन्ही एकत्र शिवलं की धुतल्यावर दुपट्यावर चुण्याच चुण्या. घालायचंच असेल तर फ्लॅनेल आधी दोनदा गरम धुऊन ड्रायरमध्ये वाळव.

तुकडे कात्रीनं कापू नको, फाड. काठाला बोटभर कात्री मारायची आणि दोन्ही हातांनी टरकवायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, त्यामुळे काटकोन आपोआप येतो. कात्रीनं कापलेला चौकोन डोळ्यांना सरळ दिसतो, पण थर एकावर एक ठेवले की तिरकेपणा कळतो.

इस्त्री करून मोठा तुकडा फरशीवर उलटा अंथर, म्हणजे त्याची चांगली बाजू जमिनीकडे. चारी कोपरे चिकटपट्टीनं बसव. आमच्याकडे वरवंटा आणि पितळी डबे ठेवत. त्यावर बाकीचे तीन थर मधोमध, चारी बाजूंना चार सेंटिमीटर मोकळे सोडून. प्रत्येक थर मधून बाहेर तळव्यानं सारखा कर. मग कच्चे टाके, तेही मधून बाहेर, साधारण वीतभर अंतरानं. हे टाळायचा मोह होतो आणि बिघाडही इथेच होतो. कच्चे टाके नसले की शिवताना वरचा थर सुईपुढे सरकत जातो आणि शेवटी मधोमध झोळ उरतो. सेफ्टी पिना चालतील, पण मोजून लाव आणि मोजून काढ.

कडा अशी: खालच्या थराचे चार सेंटिमीटर जे बाहेर आहेत, ते आधी दोन आत दुमड, म्हणजे त्याची टोकं थरांच्या कडेला भिडतात. पुन्हा दोन वर दुमड. सगळ्या उघड्या कडा झाकल्या जातात. कोपऱ्यावर आधी एक बाजू पूर्ण दुमडायची, मग दुसरी. तिथे कापड जाड होतं, सुई अडते, तेव्हा अंगुस्तान घाल.

धावदोरा अर्ध्या सेंटिमीटरचा, दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर. आमच्याकडे बायका कडेनं सुरू करून चौकोनातून चौकोन घेत मधे यायच्या, डावा तळवा सतत पुढे फिरवत. तो हात बसायला वर्षं लागतात. तू मधून सुरू करून सरळ ओळी घे, झोळ कडेला निघून जाईल. म्हणजे कडा फक्त टाचून ठेव आणि ओळी झाल्यावर शेवटी शिव. हिशेब केलास तर पंचेचाळीस ओळी, चाळीस मीटर शिवण होते. दोरा पन्नास मीटर धर. सुतीच दोरा घे. जुन्या कापडापेक्षा दोरा चिवट असला की ओढ कापडावर येते आणि टाक्याशी भोक पडतं. दोरा हातभरापेक्षा लांब घेतलास तर गुंता होतो आणि कापडातून सारखा ये-जा करून मधेच पिंजतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घे.

सेलूत सुया ओवायचं काम आमचं. बायकांची नजर दुपारनंतर कमी व्हायची, म्हणून जेवणं झाली की आठ-दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या आणि मगच खेळायला पळायचं. मुलगा की मुलगी हा प्रश्नच नसे, डोळे तरणे असले की झालं.

ओळ ओढताना एका हातानं कापड ताणून धर. दोरा फार खेचला तर चुण्या पडतात आणि धुताना तुटतो. सैल राहिला तर बाळाची बोटं अडकतात. बाळाच्या वस्तूत हे सर्वांत जपायचं, कारण सुटा धागा बोटाभोवती आवळला तर रक्त थांबतं. गाठ वर ठेवायची नाही. थरांच्या आत ओढून घ्यायची आणि दोऱ्याचं शेपूट दोन-तीन सेंटिमीटर आतून फिरवून मगच कापायचं. शेवटी सगळ्या कच्च्या टाक्यांचे धागे काढ आणि दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघ.

उरलेल्या चिंध्यांचं पायपुसणं होतं. चार सेंटिमीटरच्या पट्ट्या फाडायच्या, तीन पेडांची वेणी घालायची, ती सपाट टेबलावर चकलीसारखी गुंडाळत कडेला कड शिवत जायचं. हातात धरून शिवलंस तर वेणी ताणली जाते आणि पायपुसण्याची वाटी होते. वळणावर वेणी जराशी सैल सोडायची, फार सोडली तर कडेला झालर उठते. हे दीदीला नको, आपल्या मागच्या दाराला ठेवू.

दुपट्याबरोबर एक चिठ्ठी जोड: थंड पाण्यात, जाळीच्या पिशवीत, ड्रायर मंद. आणि जुन्या साड्यांचं आहे हे त्यात लिहायचं की नाही, ते तू ठरव. मला वाटतं लिहावं, पण भेट तुम्ही दोघी देताय.

दोन्ही साड्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, एक मोरपंखी चौकड्यांची, एक पिवळी. शेजारची हिरवी इरकल काढू नको. ती आजीला अजून नेसायची आहे.

बाबा