पार्लरचे साडेचार हजार की तुळशीबागेतले दीड हजार? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

लग्नसराई आणि सणांचे दिवस जवळ आले की माझ्याकडे पुण्यातून एकाच प्रकारचे प्रश्न येतात, की ताई पार्लरला एवढे पैसे घालवायचे नाहीयेत, घरच्या घरी काय करता येईल. मी स्वतः ब्रायडल मेकअप करून पोट भरते, त्यामुळे हे सांगणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं आहे, पण खरं सांगायचं तर प्रत्येक कार्यक्रमाला आर्टिस्ट लागत नाही. लागतो तो वेळ, आणि आदल्या आठवड्यात एकदा पूर्ण करून बघायची तयारी. यावेळचे सहा प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा आहे, घरगुतीच, ४० माणसं. पार्लरने साडेचार हजार सांगितले. माझं बजेट सगळं मिळून १५०० आहे आणि घरात फक्त काजळ आहे. रंग गव्हाळ, आणि मागे एकदा फाउंडेशन लावलं तर चेहरा राखेत बुडवल्यासारखा दिसला. काय घेऊ? (कर्वेनगर)

आधी अभिनंदन! आता त्या राखेचं बघू, कारण नव्वद टक्के घोळ तिथेच होतो. आपल्याकडे बऱ्याच जणींच्या त्वचेत खाली पिवळसर झाक असते आणि दुकानदार देतो गुलाबी झाकेचं, तेही एक शेड उजळ, म्हणजे ताईला बरं वाटावं म्हणून. गव्हाळ रंगावर असं गुलाबी उजळ बसलं की ते राखाडी दिसतं. तुझ्या चेहऱ्यात काहीच चूक नाहीये, शेड चुकली.

तुळशीबागेच्या बाजारात जाशील तेव्हा दुपारी जा, संध्याकाळी नको. हातावर लावून बघू नकोस, हाताचा रंग वेगळा असतो. जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा संपून मान सुरू होते ना तिथे तीन शेडच्या तीन उभ्या रेघा मार आणि दुकानातून सरळ बाहेर पड. दुकानातल्या पांढऱ्या लाइटमध्ये सगळंच छान दिसतं. आत राममंदिराच्या पटांगणात मोकळा उजेड असतो तिथे जाऊन मोबाईलमध्ये बघ, आणि लगेच ठरवू नकोस, १५ मिनिटं फिर, कानातलं बघ, कारण काही फाउंडेशनं हवा लागली की जरा गडद होतात. १५ मिनिटांनी जी रेघ शोधावी लागते ती तुझी शेड. दोन शेडच्या मध्ये अडकलीस तर गडद घे, कॉम्पॅक्टने थोडं उजळ करता येतं.

आता हिशोब. अंदाजे सांगते, दहावीस रुपये इकडेतिकडे. फाउंडेशन ४००, कॉम्पॅक्ट २००, मस्कारा २००, लायनर १५०, लिपस्टिक २५०, स्पंज १००. झाले १३००. उरलेल्या २०० मध्ये गजरा आणि पिना. प्राइमर नको, कन्सीलर नको, खोट्या पापण्या तर अजिबात नको, पहिल्यांदा लावणारीचा अर्धा तास त्यातच जातो आणि एक बाजू फोटोच्या वेळी सुटते. प्राइमरच्या जागी नेहमीचं मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांब, म्हणजे ते मुरेल. लिपस्टिक विटकरी किंवा नारिंगीकडे झुकणारी घेतलीस तर तीन कामं होतात, ओठांना, गालांवर बोटाने थोपटून ब्लश म्हणून, आणि डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर फाउंडेशनच्या आधी अगदी टिकलीएवढी. काळी वर्तुळं निळसर असतात, नारिंगी त्याच्या उलटा रंग, म्हणून ती झाकली जातात. टिकलीएवढी म्हणजे खरंच टिकलीएवढी हं, नाहीतर डोळे आल्यासारखे दिसतील.

स्पंज ओला करून घट्ट पिळ आणि थोपट, घासू नकोस. आणि एक माझी फजिती सांगते. मावसबहिणीच्या लग्नात मी कॉलेजात होते, हौसेने आधी जाड सनस्क्रीन, त्यावर फाउंडेशन, त्यावर पांढरी पावडर. आरशात मस्त. फोटोत मान सावळी आणि चेहरा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा! सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि त्या पांढऱ्या पावडरीतली सिलिका फ्लॅशचा उजेड परत फेकतात. तो अल्बम अजून दर दिवाळीला निघतो. म्हणून ट्रायलच्या दिवशी खोलीत अंधार करून फ्लॅश मारून एक फोटो काढच.

प्रश्न : माझे केस फार सुळसुळीत आहेत, खांद्याच्या थोडे खाली. गौरीला नऊवारी नेसणार आहे पण अंबाडा आरती होईपर्यंतसुद्धा टिकत नाही, गजऱ्याच्या वजनाने मानेवर येतो. (सदाशिव पेठ)

तुम्ही त्याच दिवशी सकाळी न्हाता ना? तिथेच गडबड आहे. न्हायचं आदल्या दिवशी, कंडिशनर फक्त टोकांना. ताज्या धुतलेल्या सुळसुळीत केसात पिन म्हणजे तेलकट खांबावर चढल्यासारखं आहे.

सामान : तीन रबर, एक जुना मोजा, जाळी, चार काळ्या पिना आणि दहा-बारा आकडे (यू आकाराच्या पिना). बाजारात अंबाड्यात घालायचं गोल कडं, म्हणजे डोनट, मिळतो पण मोज्याचं पुढचं टोक कापून बाकीचा गोल गोल गुंडाळला की तोच डोनट झाला, फक्त मोजा काळा घ्या, माझ्या एका क्लायंटच्या अंबाड्यातून शाळेचा पांढरा मोजा डोकावत होता. पोनी बांधा कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेत, त्याच्या खाली बांधली की अंबाडा मानेवर येणारच. पोनी घट्ट हवी, दोन रबरांनी, कारण सगळं वजन तिच्यावर आहे, पिनांवर नाही. मग पोनी डोनटमधून वर काढा, केस सगळीकडून कारंज्यासारखे खाली पसरा, त्यावर तिसरं रबर चढवा, खाली उरलेली टोकं पिळून भोवती फिरवा.

आता आकडा कसा लावायचा ते नीट वाचा, कारण ९९ जणी तो नुसता आत खुपसतात. आकड्याची टोकं आधी अंबाड्याच्या बाहेरच्या दिशेने धरा, अंबाड्याच्या कडेचे चार केस त्यात पकडा, मग आकडा उलटा फिरवून डोक्याच्या त्वचेला घासत आत अंबाड्याच्या मध्याकडे ढकला. फिरवताना जरा ताण जाणवला पाहिजे. असा लावलेला आकडा झोपताना काढायला कंटाळा येतो इतका बसतो. काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे, सपाट बाजू वर. आपण सगळ्या उलट लावतो, मीसुद्धा पंचविशीपर्यंत उलटच लावत होते. जाळी सगळ्यात शेवटी.

केस फारच कमी असतील तर सरळ गंगावन लावा, आपल्या आज्या लावायच्याच की, त्यात लाजायचं काय. गजरा आदल्या दिवशीच मंडईतून आणा, गौरीच्या सकाळी भाव ऐकून चक्कर येते, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. पिन लावताना दोऱ्यात अडकवा, फुलात नाही.

आणि नथ दाबाची असेल तर आधी तिथलं फाउंडेशन कापसाने पुसून टाका, नाहीतर ती आरतीच्या ताटात पडते.

प्रश्न : रोज वाघोलीहून स्कूटीवर ऑफिस. हेल्मेट आणि स्कार्फमुळे केस चपटे, काजळ गालावर. काही स्वस्त उपाय?

हेल्मेट काढायचा विचार मनात आणू नका, केस परत येतात. केस पूर्ण वाळल्याशिवाय हेल्मेट घालू नका, ओले केस ज्या आकारात दाबले जातात त्याच आकारात वाळतात. खाली सैल वेणी घाला, पोचल्यावर सोडा, मान खाली घालून बोटांनी मुळं हलवा, समोरच्या बटेत एक रोलर अडकवून दहा मिनिटं मेल बघत बसा. काजळ आणि लिपस्टिक ऑफिसच्या वॉशरूममध्ये लावा, घरून लावायचा हट्ट कशाला. स्कार्फ रोज नाही तर निदान दोन दिवसांनी धुवा, घाम आणि घासण्याने गालावर पुटकुळ्या येतात आणि आपण उगाच फेसवॉश बदलत बसतो. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल आणि शाम्पूला फेसच येत नसेल तर ते जड पाणी आहे, केस राठ होतात त्याने, शेवटचे दोन मग आरओ फिल्टरच्या पाण्याचे घ्या. महागडा हेअर स्पा त्यापुढचा प्रश्न.

प्रश्न : मी ढोल पथकात आहे. विसर्जनाला दिवसभर वाजवायचं असतं, घामाने सगळं वाहून जातं आणि गुलाल केसांतून चार दिवस निघत नाही. मेकअप टिकवायचा कसा?

फाउंडेशन लावायचंच नाही, हा उपाय. मिरवणूक मंडईतून सकाळी निघते आणि बऱ्याच वर्षी दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, एवढा वेळ कुठलंच फाउंडेशन टिकत नाही, कोणी कितीही सांगो. सनस्क्रीन, भुवया, वॉटरप्रूफ काजळ फक्त वरच्या पापणीला, ओठांना पेन्सिल पूर्ण भरून, चंद्रकोर. बस. घाम पुसायचा नाही, सुती रुमालाने टिपायचा. टिपणं आणि पुसणं यातच अर्धा मेकअप वाचतो.

केसांना आदल्या रात्री खोबरेल तेल, सकाळी दोन घट्ट सागरवेण्या, त्यावर फेटा. केसांच्या कडेला, कपाळ, कानामागे पेट्रोलियम जेलीचा हात फिरव म्हणजे गुलाल कातडीला धरत नाही. घरी आल्यावर सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरळ शॉवरखाली उभं राहणं. आधी कोरडंच, गॅलरीत मान खाली घालून कंगव्याने झटक, जेवढा निघेल तेवढा, मग तेल, मग शाम्पू. आई ओरडेल, पण गॅलरी झाडता येते.

प्रश्न : वय ५७. दर महिन्याला घरीच काळी मेंदी लावते, स्वस्त पडते. गेल्या दोन वेळा कपाळ आणि कानामागे खाज, लाल पुरळ आलं. चारच दिवस राहतं, मग जातं. चालेल ना? (बिबवेवाडी)

नाही काकू, चालणार नाही. हे वाचून झालं की ते पाकीट फेकून द्या.

मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस असतो, निसर्गात काळी मेंदी नसतेच. पाकिटावर पानांचं चित्र असलं तरी काळा रंग बहुतेक वेळा पॅराफिनिलीनडायअमिन नावाच्या रसायनाने येतो, तेच जे नेहमीच्या हेअर डायमध्ये असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात पीपीडी असंही लिहिलेलं असतं, चष्मा लावून बघा. एकदा त्याची अॅलर्जी झाली की ती जात नाही, पुढच्या वेळी वाढू शकते, आज खाज, उद्या डोळे सुजून बंद. तसं झालं, किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर. आणि एरवीही एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच, तपासणी करून नक्की कशाचं वावडं आहे ते कळतं.

रंगच हवा असेल तर नुसती शुद्ध मेंदी लावा, तांबूस दिसेल. काळपट हवे तर मेंदी धुऊन झाल्यावर निळीच्या पानांची पावडर, कपड्यांची नीळ नव्हे बरं का, साध्या पाण्यात कालवून लगेच लावायची, ती भिजत ठेवली की जोर जातो. दोन टप्प्यांचं काम आहे, अर्धा दिवस जातो. आणि काहीही लावा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून ४८ तास वाट बघा, शुद्ध लिहिलेल्या पाकिटातही भेसळ निघते. एखाद्या कार्यक्रमापुरतं भांगातले पांढरे झाकायचे तर जुन्या टूथब्रशवर गडद तपकिरी आयशॅडो घेऊन भांगावर फिरवा. रात्री धुतलं की गेलं.

प्रश्न : मी बाबा आहे. मुलगी दुसरीत. गॅदरिंगला कोळी नाच आहे, शाळेने सांगितलंय मेकअप आणि अंबाडा घरून करून पाठवा. बायको त्या आठवड्यात टूरवर. मला वेणीसुद्धा येत नाही. (सिंहगड रोड)

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

मेकअप सोपा आहे, फाउंडेशन लावायचंच नाही. एवढ्या लहान त्वचेला गरज नाही आणि स्टेजच्या लाइटमध्ये दिसतात ते डोळे, गाल, ओठ. थोडी पावडर, घरातलीच लिपस्टिक ओठांना आणि गालावर बोटाने, टिकली. काजळ नवीन उघडा, शाळेत एकच काजळ वीस मुलींच्या डोळ्यांत फिरतं आणि मग आठवडाभर सगळ्यांचे डोळे लाल, म्हणून तिला सांगून ठेवा की दुसऱ्याचं घ्यायचं नाही. चमकी डोळ्यांजवळ नको.

केस विंचरताना टोकाकडून सुरू करा, वरून नाही, मुळाशी मुठीत धरून ठेवा म्हणजे ओढ बसत नाही. तुम्हाला नेमकं हेच कोणी सांगितलेलं नसणार आणि तिथेच मुली रडतात. मग वरती अंबाड्याच्या उत्तरात मोज्याचं सांगितलंय तेच, मोजा छोटा घ्या, तिचाच. या रविवारी एकदा आणि पुढच्या रविवारी एकदा करून बघा, पहिला वाकडा येईल. कार्यक्रमाच्या दिवशी खिशात आठ-दहा जास्तीचे आकडे ठेवा, स्टेजमागे बाकीच्या मुलींच्या आया तुमच्याकडेच मागायला येतील.