मेल ‘सेंट’ दिसते, मग गेली कुठे?

प्रश्न : नमस्कार सर, मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं बघतो. दोन महिन्यांपूर्वी संस्थेची मेल बाहेरच्या होस्टिंगवर हलवली, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायची ती नोंद) बदलला, बाहेरून येणारी मेल व्यवस्थित येतेय. वेबसाइट मात्र जुन्याच उबुंटू सर्व्हरवर आहे, त्यावर मेल पाठवायला पोस्टफिक्स हा प्रोग्राम. तक्रार फॉर्मची मेल माझ्या जीमेलवर टाकली तर येते पण संस्थेच्या पत्त्यावर टाकली की येत नाही. लॉगमध्ये कर्ज विभागाच्या पत्त्याला ‘अननोन यूजर’ म्हणून बाउन्स (मेल परत) आणि ऑफिसच्या पत्त्याला चक्क ‘सेंट’. डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदी, दहादा तपासलं. काय चुकतंय?

उत्तर : डीएनएस बरोबरच आहे हो, या मेलसाठी पोस्टफिक्स एमएक्स बघतच नाहीये. लॉगच्या त्याच ओळीत ‘रिले=लोकल’ दिसेल बघा, म्हणजे मेल याच सर्व्हरवर द्यायला घेतली. मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमधल्या मायडेस्टिनेशनच्या यादीत तुमचं डोमेन अजून आहे, आणि त्या यादीतलं डोमेन पोस्टफिक्स आपल्याच घरचं धरतं, थेट सर्व्हरवर त्या नावाचा यूजर शोधतं. कर्ज नावाचा यूजर नाही म्हणून बाउन्स, ऑफिस नावाचा जुना यूजर अजून आहे म्हणून मेल तिथेच पडली आणि लॉगने ‘सेंट’ लिहिलं.

म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी ‘व्हार’मधल्या ‘मेल’ फोल्डरमध्ये ऑफिस नावाची फाइल उघडा. दोन महिन्यांच्या तक्रारी तिथे असतील, कुणाचं ठेवीचं व्याज जमा झालं नसेल, कुणी कर्जाचा नील दाखला मागितला असेल आणि ती माणसं संस्था उत्तरच देत नाही म्हणून बसली असतील. बाउन्स झालेल्यासुद्धा शोधा, बहुतेक तिथेच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (वेबसाइट ज्या यूजरच्या नावाने चालते तो) याच्या फाइलमध्ये सापडतील, बाउन्सच्या खाली मूळ मजकूर असतो. सगळं छापून आजच मॅनेजरसाहेबांकडे द्या.

मग मायडेस्टिनेशनमधून डोमेन काढा, सर्व्हरचं स्वतःचं पूर्ण नाव आणि लोकलहोस्ट तेवढं ठेवा. इथे पुष्कळजण फसतात, यादीत ‘डॉलर मायहोस्टनेम’ (म्हणजे मायहोस्टनेम सेटिंगमध्ये लिहिलेलं सर्व्हरचं नाव) असतं आणि मायहोस्टनेमलाच नुसतं डोमेन दिलेलं असतं, म्हणजे काढलेलं डोमेन मागच्या दाराने परत आत. सेटिंग दाखवणाऱ्या ‘पोस्टकॉन्फ’ कमांडला ‘मायनस एक्स’ लावून बघा, खरी नावं उलगडून दिसतात.

आता मेल बाहेर जाईल पण पाठवणाऱ्याच्या जागी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि सर्व्हरचं नाव असेल, तसला पत्ता समोरचा सर्व्हर नाकारू शकतो. त्यासाठी एसएमटीपी जेनेरिक मॅप्स ही पत्ता बदलायची सेटिंग वापरा (एसएमटीपी म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल द्यायची पद्धत), डावीकडे हा पत्ता, उजवीकडे संस्थेचा खरा चालू पत्ता. कॅनॉनिकल मॅप्स या सेटिंगनेही पत्ता बदलतो पण तो सर्व्हरवरच राहणाऱ्या मेललाही लागतो, जेनेरिक फक्त एसएमटीपीने बाहेर जाणाऱ्याला, मला तोच बरा वाटतो. पत्त्यांची ही यादी हॅश टेबल प्रकारची असेल तर दर बदलानंतर पोस्टमॅप ही कमांड चालवा नाहीतर जुनंच वाचलं जातं. एसपीएफमध्ये (संस्थेच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती डीएनएसमधली नोंद) या सर्व्हरचा आयपी आहे ना तेही बघा.

पोस्टफिक्स रीलोड करून कर्ज विभागाला एक फॉर्म भरा. लॉगमध्ये ‘रिले’पुढे नव्या होस्टिंगच्या सर्व्हरचं नाव यायला पाहिजे, आणि तरीही कर्ज विभागात फोन करून मेल समोर दिसतेय का ते विचाराच.