वय अकरा, वाचन आठवीचं, गणित तिसरीचं

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. त्याच्या आगेमागे घरी शिकवणाऱ्या आईबापांची पत्रं वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांतली मुलं दहा ते बारा वर्षांची आहेत आणि सगळ्यांनी एकच विचारलं आहे : कितवीची पुस्तकं आणू?

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी नागपूर सोडून आर्वी तालुक्यात शेतावर राहायला आलो. मुलगा ११ वर्षांचा आहे, घरीच शिकतो. वाचनाचं वेड आहे. आठवीचं विज्ञानाचं पुस्तक स्वतः वाचून बहिणीला समजावून सांगतो. पण तीन अंकी वजाबाकी चुकते आणि भागाकाराचं नाव काढलं की उठून जातो. त्याला सहावीत धरू, पाचवीत की तिसरीत?

उत्तर : ताई, सगळ्या विषयांना मिळून एक इयत्ता धरण्याची गरजच नाही. शाळेत एका वर्गात चाळीस लेकरं बसवायची असतात, म्हणून तिथं इयत्ता लागते. तुमच्या ओसरीवर एकच लेकरू बसलं आहे. विज्ञान आठवीचं चालू द्या, मराठीही त्याच्या ओढीनं जाऊ द्या, आणि गणित त्याचा पाय जिथं घट्ट टेकतो तिथून सुरू करा.

पाय कुठं टेकतो ते पाहायला दोन सकाळी पुरतात. बालभारतीची दुसरी ते सहावीची गणिताची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. प्रत्येकातून एकाच प्रकारची दहा उदाहरणं कोऱ्या कागदावर उतरवा. वर इयत्ता लिहू नका, घड्याळ लावू नका. दहापैकी आठ-नऊ बरोबर येतात तिथून शिकवायला लागा. सहा-सातवर आला तर एक पायरी खाली उतरा. दहाच्या दहा झटक्यात आली तर ते त्याला येतंच, त्यावर महिना घालवू नका.

पण नुसते बरोबर-चूक मोजून थांबू नका, चूक वाचा. मागच्या पावसाळ्यात मी अशाच एका मुलासमोर बसले होते. ४०२ वजा १७८. त्यानं न अडखळता ३७६ लिहिलं. आईला वाटलं धांदरटपणा आहे. तो धांदरटपणा नव्हता. चारातून एक गेला तीन, शून्य आणि सात म्हटल्यावर सात, दोन आणि आठ म्हटल्यावर सहा. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे पहिली-दुसरीत ऐकलेलं वाक्य तो प्रत्येक घराला इमानदारीनं लावत होता. हातचा त्याला कधी उमगलाच नव्हता.

मी त्याच्या हातात शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवली आणि म्हटलं, "मी दुकानदार, मला १७८ दे." तो नोटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सुटे नाहीत न काकू." हातचा म्हणजे एवढंच. त्यानं माझ्याकडून एका शंभराच्या दहाच्या दहा नोटा घेतल्या, त्यातली एक मोडून दहा नाणी घेतली. तीन शंभर, नऊ दहा, बारा एकेक. त्यातून १७८ दिले आणि उरलेले मोजले, २२४. मग वहीकडे पाहून आपणच बोलला, "हे तं लय जास्त लिवलं मी."

तुमच्या मुलाला तिसरीचं अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून करायला लावू नका. घड्याळ, दिनदर्शिका, आकृत्या हे त्याला येत असणार. फक्त भोकं बुजवा : स्थानिक किंमत, हातच्याची वजाबाकी, पाढे, मग भागाकार. भागाकार वजाबाकी आणि पाढ्यांवर उभा असतो, अपूर्णांक भागाकारावर. 'वय अकरा झालं' म्हणून एकदम सहावीच्या अपूर्णांकांवर उडी मारली की तो पुन्हा उठून जाईल आणि त्यात चूक त्याची नसेल. रोज वीस-पंचवीस मिनिटं, सकाळी ऊन चढायच्या आत. माझा अनुभव असा की अकरा वर्षांचं मूल ही वाट आठ वर्षांच्या मुलापेक्षा पुष्कळ लवकर चालतं, कारण समज वाढलेली असते.

आणखी एक पाहा. तो विज्ञान वाचतो, सांगतो, हे छानच. पण वाचलेल्यावर स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहितो का? वाचणं, सांगणं आणि लिहिणं यांचीही उंची एकाच लेकरात वेगवेगळी असू शकते. आठवीच्या विज्ञानात पुढं सूत्रं आणि मोजमापं येतात. तिथं गणित अडलं तर 'विज्ञानही येत नाही' असा शिक्का मारू नका.

तुमच्याच जिल्ह्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याची शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या कामातून शिकवण्याची 'नई तालीम' तिथून पुढं आली. तुमच्याकडे ते काम वावरातच आहे. बाजार समितीची हिशोबपट्टी त्याच्यापुढं ठेवा : ७.३५ क्विंटल म्हणजे ७ क्विंटल ३५ किलो, त्याला भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा. मात्र पट्टी पाहिली म्हणजे दशांश आपोआप शिकला असं होत नाही. त्याच दिवशी ते वहीत मांडून घ्यावं लागतं. घरी शिकवणारे पुष्कळ जण इथं कमी पडतात, हे मी कळकळीनं सांगते.

प्रश्न : भाची १२ वर्षांची, आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात असते. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यात तिची तीन वर्षं शाळा बुडाली. गावातली शाळा चौथीपर्यंतच आहे, पुढची ६ किलोमीटरवर आणि गाडीचा भरवसा नाही, म्हणून मीच घरी शिकवते. हिशोबात पक्की आहे, वेचणाऱ्या बायांची मजुरी तोंडी सांगते. पण चार ओळींचा उतारा वाचता येत नाही. दुसरीचं पुस्तक दिलं तर रडली.

उत्तर : रडणारच. बारा वर्षांच्या पोरीच्या हातात फुगे आणि बाहुल्यांची चित्रं दिली तर तिला तो अपमान वाटतो. पायरी दुसरीची असू द्या, मजकूर तिच्या वयाचा हवा.

आधी ती कुठं अडते ते बघा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत वाचनाची शिडी सोपी आहे : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. तुम्हीही चार कागद तसे करा आणि एकटीला बसवून वाचायला द्या, घरातल्या दहा जणांसमोर नको. शब्द वाचते आणि उताऱ्यात अडखळते? तर बहुधा काना-मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं कच्ची असतील.

मग पुस्तक तिचं तिलाच करू द्या. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन पोरं घरोघर कशी गेली ते तिला सांगायला लावा आणि तिच्याच बोलीत, ती म्हणते तसं लिहून काढा. आठ-दहा ओळी. उद्या तेच पान ती वाचेल. वाक्य तिचंच असल्यामुळं पुढचा शब्द तिला ठाऊक असतो आणि नजर अक्षरांवर बसते. त्यातले तीन जोडाक्षरांचे शब्द निवडून त्या दिवशी तेवढेच पक्के करा. दोन-तीन महिन्यांनी अशी पन्नास पानं होतील, ती शिवून द्या. त्यानंतर छापील गोष्टी. पानावरच्या शंभर शब्दांत पाचापर्यंत अडली तर तुम्ही शेजारी बसून ते पुस्तक चालेल. दहाच्या वर अडली तर ते आत्ता बाजूला ठेवा, किंवा तुम्ही वाचा आणि तिला ऐकू द्या.

छापलेलं असतं 'मला दे' आणि ती वाचते 'मले दे'. ही चूक धरू नका. तिनं अर्थ वाचला आणि आपल्या बोलीत म्हटला. ज्याला नुसती अक्षरं दिसतात तो असं करूच शकत नाही.

गणित थांबवू नका. तुम्ही लिहिलंय की किलोला १२ रुपयांनी ४६ किलोची मजुरी तिनं क्षणात ५५२ सांगितली. कशी केली ते विचारलंत का? विचारा. बहुतेक सांगेल, "सेहेचाळीस दाहे चारशे साठ, नं दुणे ब्याण्णव." बारा फोडून दहा आणि दोन करणं हा गणिताचा पक्का नियम आहे, फक्त तिला त्याचं कागदावरचं रूप माहीत नाही. तिला पाचवी-सहावीचं गणित द्या. शाब्दिक उदाहरणं तुम्ही मोठ्यानं वाचा, तिनं सोडवायची. वाचता येत नाही म्हणून तिचं गणित दुसरीत अडकवणं हा तिच्यावर अन्याय होईल.

दोन कामं लगेच करा. डोळे तपासून घ्या आणि कानही. आणि सहा महिने रोज बसूनही वाचन हललं नाही, तीच ती अक्षरं उलटसुलट होत राहिली, तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे. रीतसर तपासणी आणि प्रमाणपत्र झालं तर पुढं दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण तीन वर्षं शाळाच बुडालेल्या मुलीला आधी नीट शिकवून पाहायचं, नाव मग द्यायचं.

प्रश्न : मुलगी १० वर्षांची. एका कंपनीनं ऑनलाइन चाचणी घेऊन तिची पातळी 'तिसरी' काढली आणि तिसरीचा वर्षभराचा संच घ्यायला सांगतात. सगळं इंग्रजीत आहे, किंमतही बरीच. घ्यावा का? (काटोल तालुका)

उत्तर : घेऊ नका. गणिताचे प्रश्न इंग्रजीत होते ना? मग त्या चाचणीनं गणित मोजलंच नाही, इंग्रजी मोजलं. तेच प्रश्न मराठीत वाचून दाखवा आणि फरक पाहा. शिवाय वर्षभराचा एकाच पातळीचा संच म्हणजे सगळे विषय एका मापात आले, आणि तुमचा त्रास मुळात तिथूनच सुरू झाला आहे. विषयवार सुटी पुस्तकं घ्या. बालभारतीच्या पानांवरचे क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमध्ये उघडले की व्हिडिओही दिसतात. वाचलेल्या पैशात मराठी गोष्टींची पुस्तकं येतील.

प्रश्न : मोठा १२ वर्षांचा, धाकटी ८ वर्षांची. गणितात दोघं एकाच पातळीवर. तो तिच्यासमोर पाटी-पेन्सिलच धरत नाही.

उत्तर : दोघांना एका वेळी गणिताला बसवू नका. ती अंगणात खेळत असताना त्याचं गणित उरकून घ्या. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची इयत्ता झाकेल असं कव्हर घाला, किंवा पानं सुटी करून फाइलला लावा. 'बघ, तिला येतं' हे वाक्य घरात कोणीही म्हणायचं नाही, आजीनंही नाही. आणि उदाहरणातल्या गोष्टी बदला. धाकटीला बोरं आणि चॉकलेटं, त्याला पंधरा लिटरचा फवारणी पंप : लिटरला २ मिली औषध, तर पंपाला किती आणि एकराला आठ पंप लागले तर किती? कागदावरच, औषधाला हात लावू न देता. गुणाकार दोघांचा सारखाच असतो, पण त्याला आपण मोठं काम करतोय असं वाटतं.

प्रश्न : असं एक विषय आठवीचा, एक तिसरीचा केला तर उद्या दाखला कुठला मिळणार? शाळेत परत घालायचं म्हटलं तर कोणत्या वर्गात घेतील? (लाखांदूर तालुका, जिल्हा भंडारा)

उत्तर : शाळेत परत जायचा रस्ता उघडा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागं राहिलेला भाग भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्क असतो. म्हणजे ११ वर्षांच्या मुलाला गणित कच्चं म्हणून तिसरीत बसवता येत नाही. जुना दाखला मिळायला उशीर झाला म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य सांगितलं आहे. घरी शिकवणाऱ्यांना त्यात शिक्षा नाही, पण वेगळी मान्यताही नाही. हे माहीत असूनच निर्णय घ्या.

दाखल्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा वयाची १० वर्षं झाल्यावर आणि आठवीची १३ वर्षं झाल्यावर देता येते. दिल्लीच्या बाजूची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात, तिथं मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क असे तीन स्तर आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. १४ वर्षं पूर्ण झाल्यावर तिथं दहावीला बसता येतं, मराठी माध्यमही आहे. किमान पाच विषय, पाच वर्षांची मुदत, आणि जो विषय तयार झाला तो आधी देऊन मोकळं व्हायची सोय. तुमच्या मुलासारख्याला हीच रीत सोयीची. गणित तिथं सक्तीचं नाही, पण त्याला पुढं आयटीआय किंवा इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर सोडू नका.

नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा विचार असेल तर मात्र घरी शिकून चालत नाही. त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असावं लागतं आणि तिसरी-चौथीही मान्यताप्राप्त शाळेतच झालेली लागते, म्हणून तो निर्णय तिसरीच्या आधीच घ्यावा लागतो.

आत्ता तुम्ही विषयवार एकेक वही ठेवा. दर महिन्याचं एक पान, तारीख घालून, त्याच्या हाताचं, चुकांसकट. पुढं कुठल्याही शाळेत गेलात तर गुरुजींना ती वही दाखवा. कुठून सुरू करायचं ते त्यांना दहा मिनिटांत दिसेल.