विहिरीतल्या काळ्या पाषाणात पांढऱ्या पट्ट्या कशाच्या?

प्रश्न : मंचरजवळ आमच्या रानात विहिरीचं काम चालू आहे. वर मुरूम लागला, वीस फुटांवर भोकाभोकांचा दगड. भोकांना आतून हिरवट लेप आणि मध्ये पांढरे चमकणारे खडे. मग काळा पाषाण लागला, त्यात बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. चाळीस फुटांवर तांबडी माती निघाली. गावातले गुरुजी म्हणतात, हा सगळा लाव्हाचा दगड. पण आमच्याकडे ज्वालामुखीचा डोंगर आहे कुठे? आणि हे खडेही लाव्हातलेच का?
– एक शेतकरी वाचक, ता. आंबेगाव

उत्तर : गुरुजींचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्या वर्णनावरून विहिरीने एक अख्खा लाव्हाप्रवाह माथ्यापासून तळापर्यंत कापलेला दिसतो.

आधी भोकांचं पाहू. लाव्हा वर आला की दाब कमी होतो आणि त्यात विरघळलेली वाफ व इतर वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतात. ते वर चढतात, पण माथा आधीच थिजत असतो, म्हणून तिथेच अडकतात. त्यामुळे भोकं वरच्या भागात आणि मधला पाषाण घट्ट. तांबड्या मातीच्या लगेच वरचा दगड मुद्दाम पाहा. तिथे पेन्सिलीसारख्या बारीक उभ्या नळ्या सापडल्या, तर तो प्रवाहाचा तळ. नळ्या एकाच बाजूला कललेल्या असतील, तर लाव्हा कुठल्या दिशेने वाहिला याचाही अंदाज येतो.

आता पट्ट्या. माझ्या मते तुमच्या विहिरीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. त्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या स्फटिकांच्या आहेत. ताजा तुकडा उन्हात हळूहळू फिरवा. एका ठरावीक कोनात अख्खी पट्टी एकदम लखकन चमकेल, कारण ती पट्टी म्हणजे एकच सलग स्फटिक. भोवतालच्या काळ्या भागातही हेच खनिज आहे, शिवाय हिरवट काळं ऑजाइट आणि मॅग्नेटाइट. पण तिथले कण भिंगाशिवाय ओळखू येत नाहीत. एकाच दगडात इतके मोठे आणि इतके बारीक कण याचा अर्थ तो दोन टप्प्यांत थिजला. मोठे स्फटिक जमिनीखाली वितळलेल्या खडकाच्या कोठीत सावकाश वाढले. मग सुमारे 1100 अंश सेल्सिअसचा तो रस त्यांना घेऊन वर आला, पसरला आणि उरलेला भाग भराभर गोठला. असे मोठ्या पट्ट्यांचे प्रवाह सह्याद्रीत मोजकेच आहेत आणि मंचरचा प्रवाह अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. कसाऱ्याच्या थळघाटातही असा दगड आहे.

पांढरे खडे मात्र लाव्हातून आलेले नाहीत. ते बऱ्याच नंतरचे आहेत. दगड थिजल्यावर त्यातून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं, त्याने खडकातलं कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवली आणि रिकाम्या भोकांत आणून ठेवली. हिरवा लेप बहुधा सेलॅडोनाइटचा. खडे स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट असतील, म्हणजे झिओलाइट गटातले. चाकूने ओरखडा उठला नाही तर गारगोटी समजा. उठला, आणि सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं, तर कॅल्साइट.

तांबडी माती म्हणजे खालच्या, आधीच्या प्रवाहाचा माथा. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात ऊन-पावसाने त्याची झीज झाली, लोहाला गंज चढला आणि मग नव्या लाव्हाने तो थर वरून भाजला. कधी त्यात ज्वालामुखीची राखही मिसळलेली असते.

राहिला डोंगर. तो शोधू नका. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वर आला आणि प्रवाहावर प्रवाह साचत गेले. आज उरलेला पसाराच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. भेगांत थिजलेला लाव्हा पाहायचा असेल तर धुळे-नंदुरबारकडे जा. तिथे भोवतालचा खडक झिजून त्याच्या काळ्या भिंती मैलोन्‌मैल उघड्या पडल्या आहेत.

एक विनंती. विहिरीचं बांधकाम चढण्याआधी कडेला टेप सोडून थरांचे फोटो काढा आणि प्रत्येक थरातला एकेक तुकडा त्यावर खोली लिहून बाजूला ठेवा. एकदा बांधकाम चढलं की हे थर पुन्हा दिसणार नाहीत.